मशीन घेताना आधी आपलं कोपर मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पेपरात स्वयंरोजगाराच्या बातम्या बऱ्याच येतात. कुणी लाकडी खेळण्यांचा धंदा काढला, कुणी रिटायर झाल्यावर लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं मशीन, घेऊन लाकडाचे बाऊल करायला लागलं, कुठल्या बचत गटाला मशीन मिळालं, आणि सोबत फोटो असतो मशीनचा आणि मशीनपुढे उभ्या माणसाचा. मी तो फोटो बघते तेव्हा माझी नजर आधी त्या माणसाच्या खांद्यांवर जाते. खांदे कानाकडे चढलेले दिसले किंवा पाठीला पोक आलेला दिसला की वाईट वाटतं, कारण मशीन कितीही भारी असलं तरी ते त्या माणसाच्या मापाचं नाहीये हे तिथेच कळतं. पुढे मान धरणार, कंबर धरणार, आणि शेवटी मशीनवर गोणपाट पडणार. म्हणून हे पत्र.

आमच्या घरात कातकाम सासऱ्यांपासून चालू आहे, सावंतवाडीच्या बाजूला. लाटणी, पोळपाटाचे पाय, पाळण्याचे खांब, भोवरे, लाखेची छोटी खेळणी असं सगळं. मी स्वतः लेथवर उभी राहते आणि माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. सासरे चांगले उंचेपुरे, त्यांनी लेथ त्यांच्या मापाने बसवला होता, सेंटर, म्हणजे लाकूड ज्या रेषेत फिरतं ती रेषा, जमिनीपासून बेचाळीस इंचावर. माझं कोपर येतं सदतीस इंचावर. हा पाच इंचाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण दिवसभर पटाशी धरून बघा, हात सतत वर उचललेला राहतो, मनगटाचा जोर संपतो आणि सगळा भार खांद्यावर आणि मानेवर येतो. लाख चढवताना तर अजूनच, कारण लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरावी लागते, त्या घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडाला बसते, आणि तो दाब कोपर अंगाशी असेल तरच नीट देता येतो. कोपर हवेत असेल तर लाख कुठे जाड कुठे पातळ बसते आणि मग आपण म्हणतो हिचा हात अजून बसला नाही. सासऱ्यांनी मला मशीनपुढे उभी बघितलं आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "आदी आपली उंची बघ, मगे मशीन बघ." आणि स्वतः फळ्या ठोकून पायाखाली पाट करून दिला, मशीनच्या पूर्ण लांबीचा आणि चांगला दोन फूट रुंद. रुंद अशासाठी की लाटणं कातताना माणूस एका जागी उभा नसतो, उजवीकडून डावीकडे सरकत असतो, तिथे पाट आखूड असेल तर पाय घसरतो आणि हातात धारदार हत्यार असतं.

माप घ्यायची पद्धत अगदी सोपी आहे. कामाला पायात जे घालता तेच घालून सरळ उभं राहायचं, दंड अंगाला टेकवायचा, कोपर काटकोनात वाकवायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला सांगायचं. लेथचं सेंटर तेवढ्या उंचीवर यायला हवं. मानेचा त्रास असेल किंवा डोळ्यांना बायफोकल चष्मा असेल तर एक-दोन इंच वर घेतलेलं चालतं, कारण बायफोकलवाला माणूस खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करतो, आणि काम खाली असेल तर तो हनुवटी वर आणि पाठ वाकलेली अशा विचित्र अवस्थेत तासन् तास उभा राहतो. पाच फूट आठ इंची माणसाचं कोपर साधारण बेचाळीस-त्रेचाळीस इंचावर येतं आणि बाजारातले बरेचसे स्टँड त्याच अंदाजाने वेल्ड केलेले असतात. बायकांनी, बुटक्या माणसांनी, खूप उंच माणसांनी काय करायचं हे कुणी विचारात घेतलेलं नसतं. सहा फुटी माणसाला तोच लेथ खाली पडतो, त्याने लेथच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून मशीन उचलावं, फक्त ठोकळे बोल्टने पक्के करावेत.

दुकानात गेलं की काय विचारतात, मोटर किती एचपी पाहिजे, बेड (लेथचा खालचा लांब सांगाडा) किती फुटी पाहिजे, स्विंग किती, बजेट किती. चालवणार कोण हे कुणी विचारत नाही. स्वयंपाकाचा ओटा करताना मिस्त्री सुद्धा एकदा घरातल्या बाईला उभी करून बघतो, इथे तर हजारो रुपयांचं मशीन आणि वर धोक्याचं काम. नवीन शिकणाऱ्यांना माझं सांगणं असतं की टेबलावर ठेवायचा छोटा लेथ घ्या, दहा इंची स्विंगचा, म्हणजे दहा इंच व्यासाचं लाकूड बेडच्या वर फिरेल असा. तो साधारण पस्तीस-चाळीस किलोचा असतो आणि त्याला स्टँड नसतो हाच त्याचा मोठा फायदा, कारण टेबल आपण आपल्या मापाचं करून घेऊ शकतो. त्याच्या तळापासून सेंटरपर्यंत नऊ-दहा इंच धरा, तर माझ्यासारखीला टेबल सत्तावीस इंचाचं लागेल. घरातल्या नेहमीच्या तीस इंची टेबलावर ठेवला की झालं, परत तीन इंच वर.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. आमच्या नात्यातला एक मुलगा आंब्यावरून पडला. कोकणात हे काही नवीन नाही, माडावरून, आंब्यावरून पडून कमरेखाली जाणीव गेलेली माणसं गावोगाव आहेत. हा व्हीलचेअरवर आहे, हात एकदम मजबूत, डोकं तल्लख, त्याला कातकाम करायचं होतं. सगळ्यांनी सांगितलं की लेथ खाली घे, बसून कर. ऐकायला बरोबर वाटतं पण टेप लावली की गणित बसत नाही. व्हीलचेअरवर बसल्यावर त्याचं कोपर येतं जमिनीपासून सत्तावीस-अठ्ठावीस इंचावर, म्हणजे सेंटर तिथे हवं. बारा इंची स्विंगचा लेथ असेल तर बेडचा वरचा भाग सेंटरच्या सहा इंच खाली, त्याखाली बेडचीच जाडी चारेक इंच, म्हणजे बेडचा तळ आला साडेसतरा इंचावर. आणि त्याच्या मांड्या, गुडघे आहेत पंचवीस इंचावर. गुडघे जाणार कुठे? मग लोक काय करतात, गुडघे आत जावेत म्हणून लेथ वर उचलतात, की सेंटर गेलं छत्तीस-सदतीस इंचावर, बसलेल्या माणसाच्या जवळजवळ खांद्याला. किंवा चेअर आडवी लावून कंबरेतून वळून काम करतात, आणि पाठीच्या कण्याला आधीच मार बसलेल्या माणसाने दिवसभर कंबरेतून पीळ देऊन बसायचं ही कल्पनाच मला सहन होत नाही.

याला उपाय आहे आणि तो अवघड पण नाही. बेड सेंटरच्या बरोबर खाली असायलाच पाहिजे असा काही नियम नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रोबस्ट नावाच्या कंपनीने इंडिपेंडन्स नावाचा लेथ खास बसून काम करणाऱ्यांसाठी काढलाय, त्यात बेड तिरका करून पलीकडे नेता येतो, त्यामुळे मांड्यांवर जागा मोकळी राहते आणि माणूस थेट कामाला भिडतो. तो इथे मागवणं आमच्या आवाक्याबाहेरचं, पण तत्त्व तर समजलं ना. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे बसून आम्ही तसंच करून घेतलं, सी आकाराच्या लोखंडी चॅनलचा बेड भिंतीच्या बाजूला, सेंटरच्या मागे उभा लावला, हेडस्टॉक (लाकूड फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) त्यावरून पुढे काढले आणि टूल रेस्टचा, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीचा, हात मागून पुढे आणला. बेडची लांबी मुद्दाम कमी ठेवली, लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये अठरा इंच, कारण लाटणं बारा-चौदा इंचाचं असतं आणि बसलेल्या माणसाला त्यापेक्षा लांब कामात चेअर सारखी पुढे-मागे करावी लागते, ब्रेक काढ, सरक, ब्रेक लाव. चार फुटी खांब त्याच्यासाठी नाहीत हे आधीच ठरवून टाकलं. लाटणी, भोवरे, बाहुल्या, अगरबत्तीचे स्टँड यात त्याचा हात आता असा बसलाय की ग्राहक नाव घेऊन मागतात.

अजून एक गोष्ट जी मशीन विकणाऱ्याला सुचणार नाही. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाच्या मांडीवर धारदार पटाशी पडली तर त्याला कळत नाही, रक्त दिसेपर्यंत कळत नाही. मोटर पायाजवळ असेल आणि तापून चटका बसत असेल तरी कळत नाही. म्हणून मोटर वर किंवा मागे, पायांपासून लांब, आणि मांडीवर जाड चामड्याचा एप्रन पाहिजेच. बेड खाली नसल्यामुळे भुसा आणि छिलके पण थेट मांडीवर येतात, ते एप्रनवरून बाजूला उतरतात. आणि एकाच जागी खूप वेळ बसून अंगाला जखमा होतात, त्यामुळे ठराविक वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं हे त्याच्या डॉक्टरांनी शिकवलंय, ते लेथवर पण पाळायचं, हातातलं काम कितीही रंगात आलेलं असू दे.

पोलिओचा पाय, कॅलिपर, गुडघेदुखी, दिवसभर उभं राहवत नाही अशी माणसं तर याहून कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठी वेगळा लेथ लागत नाही, टेकायचं उंच स्टूल लागतं, बैठक पुढच्या बाजूला थोडी उतरती. माणूस अर्धा उभा अर्धा टेकलेला राहतो, कोपराची उंची जवळपास उभं असतानाचीच राहते, त्यामुळे साध्या लेथवर काम होतं. स्टूलला चाकं अजिबात नकोत. आपल्याकडे जुना हातलेथ तर जमिनीवरच असायचा, कारागीर खाली बसून पायाच्या बोटांनी हत्याराला आधार द्यायचा आणि दुसरा माणूस दोरी ओढायचा. म्हणजे बसून कातणं ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही, मोटर आल्यावर सगळ्यांना उभं केलं गेलं इतकंच.

हाताचा त्रास असलेल्यांनी लॉक कसे आहेत ते बघावं. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या लेथला टूल रेस्ट पक्का करायला बेडखाली नट असतो, प्रत्येक वेळी वाकून पाना लावायचा, आणि टूल रेस्ट दिवसातून किती वेळा हलवावा लागतो हे कातणाऱ्यालाच माहीत. सासऱ्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हा त्यांना कातणं जमत होतं, तो पाना फिरवणं जमत नव्हतं. कॅमचा दांडा लावून घेतला, एक झटका दिला की लॉक, उलटा दिला की मोकळा. हत्यारांच्या मुठी जाड करून त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, बारीक मूठ घट्ट आवळायला बोटांना जास्त जोर लागतो. मूठ लांब पण हवी, मोठ्या पटाशीला सोळा-अठरा इंचाची, म्हणजे शेपूट काखेजवळ टेकवून अंगाने जोर देता येतो आणि मनगटावर भार येत नाही. कार्बाइडची बदलायची पाती येतात ती सोपी आहेत, आडवी धरायची, धार लावायची कटकट नाही, पण ती लाकूड सोलण्याऐवजी खरवडतात, मग पॉलिश पेपर जास्त घासावा लागतो, तरी ज्याचा हात दुखतो त्याने ती बिनधास्त घ्यावीत. आणि धार! बोथट हत्याराइतका हाताचा छळ दुसरं काही करत नाही.

वजनाबद्दल लोक उलटं समजतात. हलका लेथ बरा, उचलायला सोपा. पण हलका लेथ थरथरतो आणि ती थरथर हत्यारातून मनगटात येते, हाताला मुंग्या येणाऱ्यांना, कार्पल टनेल (मनगटात नस दबण्याचा त्रास) असलेल्यांना हे अगदी वाईट. लेथ रोज उचलून ठेवायचा नसेल तर जड घ्या, हलका घेतलाच असेल तर स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा, लगेच फरक कळतो.

स्विचबद्दल मला जोरात बोलायचंय. कोकणात पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही. साध्या बटणावर चालणारा लेथ, लाईट गेली, माणसाने चकमध्ये, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या जबड्यात, हात घातला, लाईट आली, मशीन आपोआप सुरू. हा धोका सगळ्यांनाच आहे पण ज्याला पटकन मागे सरकता येत नाही त्याला कितीतरी जास्त. शेतातल्या पंपाला असतो तो डीओएल स्टार्टर लावा, लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आणि बंद करायचं लाल बटण मोठं, तळव्याने ठोकता येईल असं, आणि अशा जागी की फिरत्या लाकडाच्या समोरून हात न्यावा लागणार नाही. बऱ्याच मशीनवर ते हेडस्टॉकच्या टोकाला असतं, तिथून काढून लांब वायरने आपल्या कमरेजवळ किंवा मांडीजवळ आणता येतं, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम.

वेग बदलायला स्टेप पुलीवरचा (लहान-मोठ्या पायऱ्यांच्या कप्पीवरचा) पट्टा वाकून हलवावा लागतो, कंबरदुखीवाला माणूस मग ते टाळतो आणि सगळंच एका वेगावर कातत बसतो. दहा इंची बाऊल सहाशे ते नऊशे आरपीएमवर चालवायचा असतो, हिशोब असा की इंचातला व्यास गुणिले आरपीएम सहा हजार ते नऊ हजारांच्या आत ठेवायचं, आणि लाकूड अजून ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. जमत असेल तर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घ्या, घरच्या सिंगल फेज लाईनवर चालतं आणि गुंडी फिरवून वेग बदलतो. फक्त पुली काढून टाकू नका, व्हीएफडीने अगदी कमी वेगावर मोटरची ताकद कमी पडते आणि मोटर तापते.

बायकांसाठी एवढंच की पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, लांब मंगळसूत्र लेथजवळ नको, मागून बांधायचा पूर्ण एप्रन घाला, आणि हातमोजे कुणीच घालू नका, मोजा अडकला तर हात ओढला जातो. दमेकऱ्यांनी शिसव आणि सागाची धूळ गंमत समजू नये, लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेच सांगितलंय. मास्क हवा, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवं.

आता सरकारी बाजू. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात सुतार आहेत, पारंपरिक खेळणी करणारे आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, ट्रेनिंगच्या काळात रोज ५०० रुपये आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार निर्मिती योजनेत दिव्यांगांना आणि महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आहे. हे चांगलंच आहे. पण ट्रेनिंगच्या हॉलमध्ये सगळे लेथ एकाच उंचीचे आणि शिकायला आलेली माणसं पाच फुटांपासून सहा फुटांपर्यंत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स घेतात तेव्हाच प्रत्येकाचं कोपराचं माप घेऊन लिहून ठेवायला किती वेळ लागतो? स्टँडच्या पायांना एकेक इंचावर भोकं पाडून बोल्टने उंची बदलता येईल असे पाय करायला वेल्डर काही फार पैसे मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यवसाय प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घ्यायचं लिहिलेलं आहे, मग ट्रेनिंग सेंटरला निदान एक तरी बसून चालवायचा लेथ असायला हवा. आमच्या त्या मुलाला एका ठिकाणी सांगितलं गेलं की तू कागदी पिशव्यांचं शिक, लेथ तुझ्यासाठी नाही. मजबूत हातांच्या तरुण मुलाला हे ऐकवायचं म्हणजे काय, माझ्या डोळ्यात अजून पाणी येतं.

कर्जासाठी कोटेशन काढताना मशीनच्या किमतीतच स्टँडचा बदल, स्टार्टर, व्हीएफडी, कॅमचे दांडे, एप्रन सगळं लिहून घ्या. नंतर म्हटलं तर पैसे खिशातून जातात आणि मग ते राहूनच जातं. आणि पैसे देण्याआधी मशीन बंद ठेवून त्याच्यापुढे पंधरा मिनिटं हातात पटाशी धरून उभे राहा किंवा बसा, टूल रेस्ट चार वेळा हलवा, टेलस्टॉकचं चाक फिरवा, डोळे मिटून लाल बटणापर्यंत हात जातो का बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ज्यांना बसून चालवायच्या लेथचं माप हवं असेल त्यांच्यासाठी आम्ही केलेल्या स्टँडचं चित्र मापांसकट सोबत पाठवत आहे, जागा असेल तर जरूर छापा, कुणीही आपल्या वेल्डरला दाखवून करून घ्यावं.

आपली,
कातकाम करणारी एक वाचक,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग